पावलांचा गोंगाट

शलाका बाबरचं काम ऐकण्याचं होतं. पुण्यातल्या जलवाहिनी नियंत्रण केंद्रात बसून ती दुष्काळी पट्ट्यात जमिनीखालून जाणारं पाणी ऐकायची. त्या पट्ट्यातच तिचं गाव होतं, वडजाई. तिथं लहानपणी तिनं टँकरमागं धावणाऱ्या बायका पाहिल्या होत्या, आणि त्यांत तिची आईही होती.

पाणी ऐकायची युक्ती तशी साधी होती. नळाच्या अंगाला चिकटून केसाएवढी काचेची तार पुरलेली असते. तिच्या एका टोकातून सेकंदाला हजारो वेळा प्रकाशाचे ठिपके सोडायचे. काच कितीही शुद्ध केली तरी तिच्यात बारीक दोष राहतातच, आणि प्रत्येक दोषावरून थोडा प्रकाश मागं फिरतो. जमीन जराशी थरथरली की तार ताणली जाते आणि परत येणाऱ्या प्रकाशाची लय बदलते. तो किती वेळानं परतला त्यावरून थरथर नेमकी कुठं झाली तेही कळतं. शेकडो किलोमीटर लांबीचा एक कानच जमिनीत पुरल्यासारखं होतं ते.

या कानामुळं पाणीचोरी संपली होती. पूर्वी धरणातून निघालेलं पाणी वाटेतच बड्या बागायतदारांच्या विहिरींत जायचं आणि शेवटच्या गावाला कोरडे नळ मिळायचे. आता कुणी नळाला भोक पाडलं की केंद्रात त्या क्षणी कळायचं आणि व्हॉल्व्ह आपोआप दाब सावरायचे. म्हणूनच भाईंना आपलं वचन पाळता आलं. जमीन असो वा नसो, माणशी सारखं पाणी.

भाई म्हणजे रघुनाथ खिलारे. समान पाण्याच्या चळवळीतून आलेला आणि आता राज्याचा मुख्यमंत्री झालेला माणूस. चळवळीच्या काळात ते वडजाईला आले की शलाकाच्याच घरी उतरायचे. तिचे वडील दौलत बाबर एसटीत कंडक्टर होते, आणि सुट्टी टाकून भाईंबरोबर गावोगाव हिंडायचे. एका मोर्चात लाठीमार झाला तेव्हा पडलेल्या भाईंच्या अंगावर दौलत बाबर आडवे झाले. भाई वाचले. दौलत बाबरांचा उजवा गुडघा मात्र कायमचा गेला.

वडजाईला पाणी सोडायला भाई स्वतः आले होते. मंडपात न जाता आधी ते बाबरांच्या दारात आले आणि शलाकाच्या आईला म्हणाले, "वहिनी, पहिला हंडा तुम्ही भरायचा." इंदुबाईंनी हंडा भरला आणि तो तसाच नळाखाली ठेवून दिला. उचलून न्यायची गरजच उरली नव्हती. त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि बराच वेळ वाहतं पाणी बघत राहिल्या.

तार सगळंच ऐकते, ही त्या व्यवस्थेतली मोठी अडचण होती. शेळ्यांचे कळप, ट्रॅक्टर, मळणी यंत्रं, माणसांची चाल. या गोंगाटात गळतीचा बारीक आवाज बुडून जायचा. गोंगाट बाजूला काढणारी संगणकप्रणाली शलाकानं लिहिली होती. केंद्रात त्या प्रणालीला सगळे 'चाळण' म्हणायचे. ती लिहिताना शलाकाला एक गोष्ट कळली होती. दोन माणसांची चाल कधीच सारखी नसते.

सुट्टीला गावी आल्यावर तिनं वडिलांना गंमत म्हणून ते दाखवलं होतं. पंपघराच्या आवारात तिनं त्यांना कडुनिंबापर्यंत चालत जाऊन परत यायला लावलं, आणि पडद्यावरची रेघ दाखवली.

"तात्या, हे तुम्ही. डावा पाय पडतो, उजवा ओढला जातो, मग काठी टेकते. साऱ्या जिल्ह्यात अशी चाल दुसरी सापडायची नाही."

दौलत बाबर हसले. मग पडद्याकडं बघत म्हणाले, "आन हे आनखी कोण बघतं?"

"कोणी नाही. हे सगळं चाळणीतून खाली पडतं. आम्ही साठवतही नाही."

"पडू दे मग," ते म्हणाले.

*

भाई दुसऱ्यांदा निवडून आले ते प्रचंड बहुमतानं. खाजगी दवाखाने सरकारनं ताब्यात घेतले आणि गरिबांची ऑपरेशनं फुकट होऊ लागली. बंद पडलेले साखर कारखाने कामगारांच्या नावावर झाले. हे सगळं खरं होतं, आणि लोक भाईंचा फोटो देवाशेजारी लावत होते.

मग जलसुरक्षा कायदा आला. पाण्याच्या वाटपात राजकारण नको म्हणून जलसमित्यांच्या निवडणुका पुढं ढकलल्या गेल्या. त्यानंतर जिल्हा परिषदेच्याही गेल्या. भाईंवर टीका करणाऱ्या एका वर्तमानपत्राचा कागद अडला आणि ते बंद पडलं. विधानसभेत विरोधक बोलायला उठले की गॅलरीतली माणसं "टँकरवाले, टँकरवाले" असं ओरडायची आणि भाषण बुडून जायचं.

त्या वर्षी शलाका गावी आली तेव्हा जेवतानाच वाद पेटला.

"समितीच्या निवडणुका घ्या, एवढंच आमचं म्हणणं हाय," तात्या म्हणाले. "पानी सरकारनं सोडावं. पन वाटणी गावानं करावी. चळवळीत आम्ही हेच मागत हुतो, आन रघुनाथ सगळ्यात मोठ्यानं मागत हुता."

"गावानं वाटणी केली हुती की इतकी वर्षं," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "पाटलाच्या वस्तीवर मोटार आन आमच्या आळीला चिखुल. मला नका सांगू."

"आई, तात्या वेगळं सांगतायत," शलाका म्हणाली. "उद्या भाई नसले तर? त्यांच्या जागी कोणी वाईट माणूस आला तर?"

"आला तर बघू. आज तर हायेत." आईनं तव्यावरची भाकरी उलटली. "तुम्ही बापलेक हक्क हक्क करा. हंडा मी उचललाय. तीन मैल. तुझ्या वक्ताला पोटुशी असताना बी. त्या मानसानं माझ्या डोक्यावरचं वझं उतरवलं. त्याला मी हिशेब मागू व्हय?"

तात्यांनी ताटातली भाकरी मोडली. मग हळू म्हणाले, "अगं, त्यानं दिलं ते आपल्या हक्काचं हुतं. उपकार म्हणून घेतलं की मान वर करता येत न्हाई."

"नसू दे. पानी तर पिता येतं."

शलाकाला दोघांचंही पटत होतं. परतीच्या एसटीत तिनं ठरवलं की आपण आपलं काम नीट करायचं. गळत्या शोधायच्या, शेवटच्या गावाला पाणी पोचवायचं. बाकीचं आपल्या हातात नाही.

*

पावसाळा संपता संपता भाईंनी तिला बोलावून घेतलं. मोठ्या दालनात ते एकटेच बसले होते. केस पिकले होते, पण शर्टाच्या बाह्या तशाच दुमडलेल्या.

"दौलत कसा आहे? गुडघा दुखतो का अजून?"

"थंडीत दुखतो."

"माझ्यामुळं," भाई म्हणाले. मग त्यांनी समोरचा नकाशा पुढं सरकवला. सोनघाटाखाली मुख्य नळ कुणीतरी फोडला होता. कितीतरी गावं पाण्यावाचून होती. "ज्यांचे टँकर बंद झाले, त्यांचं हे काम. शलाका, तुझी चाळण जे टाकून देते ना, त्यात ते चोर चालत होते."

"त्यात सगळेच चालतात, भाई. शाळेला जाणारी मुलं, शेतावर जाणाऱ्या बायका."

"मग त्यांना भ्यायचं कारण काय?"

"आपल्या पावलांवर कुणाची नजर आहे, एवढंच कारण पुरतं."

भाई रागावले नाहीत. "तू चळवळीतल्या घरातली, म्हणून बोलतेस. बरं वाटतं. पण मला सांग, एखाद्या गावाचं पाणी तुटलं तर तुझी आई त्या नजरेचा विचार करेल की हंड्याचा?"

 आईच्या टाळूवर चुंबळीनं पडलेला चट्टा तिला आठवत होता. शेवटी ती म्हणाली, "फक्त पंपघरं आणि मुख्य नळ. तिथं किती माणसं आहेत तेवढाच आकडा. कोण आहे ते नाही."

"शब्द दिला," भाई म्हणाले, आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

तिनं चाळण बदलली. नळ फोडणारे खरंच सापडले, आणि भाईंचं खरं होतं. ते टँकरवाल्यांचेच लोक होते. शलाकाच्या मनावरचं ओझं बरंच उतरलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात केंद्राचे नवे संचालक वेलणकर तिच्या टेबलाशी आले. तरुण, मृदू बोलणारा माणूस. त्यांनी आपल्या पडद्यावर एक गाव उघडलं. जुन्या सोसायटीच्या गोदामाभोवती काही ठिपके जमले होते. दर आठवडी बाजाराच्या दुपारी, गाव बाजारात असताना, ते तिथं जमत होते. प्रत्येक ठिपक्याला क्रमांक होता, आणि बहुतेक क्रमांकांपुढं नावं होती.

"ही नावं कुठून आली?" शलाकानं विचारलं.

"चालीवरून. चाळण बदलली त्या पहिल्याच महिन्यापासून जमवतोय आपण. वरून आदेश होता." त्यांना तिच्या विचारण्याचंच नवल वाटलं. "या एकाचं नाव लागत नाहीये. म्हाताऱ्या माणसांच्या नोंदी कमी आहेत. वडजाई तुमचं गाव ना? चाल वेगळी आहे, बघा. ओळखता येते का?"

त्यांनी रेघ मोठी केली. एक पाय पडत होता, दुसरा ओढला जात होता, मग काठी टेकत होती.

शलाका त्या रेघेकडं बघत राहिली. तात्या थांबत थांबत चालत होते. गोदामाच्या पायरीशी ते जास्त वेळ थांबले होते. गुडघा दुखत असणार.

"नाही," ती म्हणाली. "नाही ओळखता येत."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती वडजाईला गेली. फोन करायची हिंमत तिला झाली नाही. तात्या अंगणात काठीला नवं रबर बसवत होते. शलाकानं त्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. चाळण कशी बदलली, भाईंनी काय शब्द दिला होता, आणि काल पडद्यावर काय दिसलं.

"मला ठाऊक हाय की," तात्या म्हणाले. "तूच दाखवलं हुतंस."

"म्हणजे ते ऐकत असतील हे माहीत असताना तुम्ही जात होता?"

"मग काय करू? घरी बसून पाय लपवू?" त्यांनी काठी टेकवून बघितली. "आम्ही करतो काय तिथं? निवडणुका घ्या म्हणून कोर्टात अर्ज करायचाय, त्याचं बोलतो. ह्यात चोरी कसली? दबकत चाललो तर ती चोरी व्हईल."

"तात्या, थोडे दिवस थांबा. माझ्यासाठी."

"तुझं काम ग्वाड हाय, पोरी. पाण्याचं काम हाय. त्याची लाज धरू नगंस." एवढंच बोलून ते पुन्हा काठीच्या रबराकडं वळले. जातो की नाही जात, ते त्यांनी सांगितलंच नाही.

आई दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

*

इंदुबाईंनी रात्र कशीबशी काढली. सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून त्या तालुक्याला गेल्या. भाईंचा लोकदरबार तिथं महिन्यातून एकदा भरायचा. भाई स्वतः नव्हते, पण त्यांचे सहायक होते. इंदुबाईंनी त्यांना सांगितलं की गोदामात येणारा काठीवाला माणूस म्हणजे आपला नवरा. भाईंचा जुना सोबती. गावातल्या पोरांनी त्याच्या डोक्यात काहीबाही भरलंय. भाईंनी त्याला बोलावून घ्यावं, चार शब्द सुनवावेत, आणि घरी धाडावं. भाईंचं तो ऐकेल.

सहायकानं सगळं नीट लिहून घेतलं. चहा दिला, घरी सोडायला गाडीही दिली.

तात्यांना न्यायला दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी आली. तीन माणसं होती आणि तिघंही अदबीनं बोलत होती. आईनं फडक्यात भाकरी आणि चटणी बांधली, रक्तदाबाच्या गोळ्या वेगळ्या पुडीत घातल्या.

"भिऊ नका," तिनं तात्यांना सांगितलं. "मीच भाईंच्या कानावर घातलंय. तुमच्याशी बोलायचं असंल त्यास्नी. सांजच्याला याल."

तात्या अंगरख्याच्या गुंड्या लावत होते. त्यांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग अंगणात उभ्या असलेल्या शलाकाकडं. जे नाव तिनं वेलणकरांना दिलं नव्हतं ते आईनं दिलं होतं, हे शलाकाला एका क्षणात कळलं.

"बरं केलंस," तात्या आईला म्हणाले. "दार लावून घे. वारं लई हाय."

ते सांजच्याला आले नाहीत.

*

जलसुरक्षा कायद्यात जामीन नव्हता. शलाकानं नोकरी सोडली आणि वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या. फार खटपट केल्यावर भाईंनी तिला भेट दिली. ते थकलेले दिसत होते.

"त्याला काही होणार नाही. मी सांगून ठेवलंय. फक्त त्यानं एकदा लोकांसमोर सांगावं की आपली फसगत झाली. त्याच दिवशी मी त्याला घरी पाठवतो."

"ते सांगणार नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"शलाका, त्याच्याबरोबर बसणाऱ्यांत वाईट माणसं होती. दौलत भोळा आहे."

"आणि तुमचा शब्द, भाई? कोण आहे ते ऐकणार नाही म्हणालात."

भाईंनी खिडकीकडं पाहिलं. "मी तेव्हा खरंच तसं ठरवलं होतं," ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते हे शलाकाला जाणवलं, आणि त्यानं तिला जास्त भीती वाटली.

तुरुंग दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यात होता. एकदाच भेट झाली, काचेच्या आडून. तात्या खूप वाळले होते आणि खोकत होते.

"गावाला पानी येतंय न्हवं?" त्यांनी पहिलं विचारलं.

"येतंय."

"आईला काय बोलू नगंस. तिनं माझ्यासाठीच केलं." मग ते म्हणाले, "तिला कळलंय का?"

"विचारत नाही काही. रोज तुमच्याही वाटणीचा स्वयंपाक करते."

तात्यांनी मान हलवली आणि काचेवर हात ठेवला. वेळ संपली तेव्हा शलाकानं त्यांना आतल्या बोळातून जाताना पाहिलं. काठी काढून घेतली होती. भिंतीला धरून ते चालत होते.

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. कळवलं गेलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

*

भाई वडजाईला आले. बरोबर फार लवाजमा नव्हता. गेल्या कित्येक वर्षांत ते असे कुठं आले नव्हते. तात्यांच्या चितेपाशी ते उभे राहिले आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले. ज्यांनी ते पाहिलं, त्यांतल्या कुणालाही ते नाटक वाटलं नाही. शलाकालाही नाही. मग शोकसभेत त्यांनी जाहीर केलं की वडजाईला पाणी आणणाऱ्या उपसा योजनेला दौलत बाबरांचं नाव दिलं जाईल. माणसं खाली माना घालून बसली होती. मागून कुणीतरी भाईंच्या नावाची घोषणा दिली. चार आवाज त्या घोषणेत मिसळले, मग आणखी काही.

सभेनंतर भाई घरी आले. इंदुबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्यासमोर ते जमिनीवर बसले आणि हात जोडले.

"वहिनी, दौलत माझा भाऊ होता."

इंदुबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, एखादी चूकभूल दुरुस्त करावी तसा.

"मी तुम्हाला सांगायला आले हुते, भाई. पोलिसांना न्हाई."

भाईंनी मान खाली घातली.  मग सहायक दारात आला, आणि ते उठून गेले.

त्यानंतर आई बोलायचीच थांबली. शेजारच्या बायका यायच्या, बसायच्या, जायच्या. दुःखानं वाचा गेली म्हणायच्या. ती रडलीही नव्हती. स्वयंपाक करायची, भांडी हलक्या हातानं ठेवायची, दार लावताना कडी हातात धरून सावकाश सोडायची. शेवटी एका सकाळी शलाका तिच्यासमोर बसली.

"आई, बोल ना काहीतरी. रड तरी."

आईनं ओठांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हातानं खाली, जमिनीकडं दाखवलं.

मग ती उठली, पायांत चपला घातल्या आणि शलाकाचा हात धरून बाहेर पडली. शेवटची घरं गेली, शेतं गेली, आणि चढण लागली. वर नुसता खडकाळ माळ होता. आई दम लागेपर्यंत चालत राहिली. मग थांबून तिनं पायाखाली पाहिलं आणि कुजबुजत विचारलं, "हितं हाय का गं ती तार?"

"नाही, आई. इथं नाही."

"नक्की?"

"इथवर पाणीच आणलेलं नाही आपण."

आई खाली बसली. पदर तोंडाशी नेला, पण मग तो तिनं सोडून दिला आणि मोठ्यानं हंबरडा फोडला. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. तात्यांचं नाव तिनं जन्मात कधी घेतलं नव्हतं, ते ती पुन्हा पुन्हा घेत होती. शलाकानं तिला मिठीत घेतलं आणि तीही रडली.

ऊन चढलं तेव्हा त्या उठल्या. आईनं तोंड पुसलं, पदर सारखा केला. चढण उतरून पहिलं घर दिसू लागलं तशी ती थांबली, वाकली, आणि पायांतल्या चपला काढून हातात घेतल्या.

अनवाणी पाऊलही तार ऐकते, हे शलाकाला माहीत होतं. तरी तिनंही चपला काढल्या आणि आईच्या मागोमाग, हळू पावलं टाकत, गावात शिरली.